मंडळीच्या पैशाचा हिशोब: पाळकांच्या आर्थिक व्यवहारांबद्दल शंका आली तर चौकशी कशी करावी

आमच्या चर्चच्या छपराच्या दुरुस्तीची तीन बिलं माझ्यासमोर टेबलावर होती. एक जूनचं, एक सप्टेंबरचं, एक जानेवारीचं. तिन्ही एकाच हार्डवेअर दुकानाची, आणि बिल क्रमांक ४१, ४२, ४३. सात महिन्यांत त्या दुकानाने आमच्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला बिल फाडलं नसेल, हे शक्य नव्हतं. शाईही तिन्हींवर एकच होती.

मी सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पासिंगच्या, म्हणजे व्हाउचर तपासून मंजूर करायच्या, टेबलावर. असे कागद परक्यांचे असतात तेव्हा हात थरथरत नाही. इथे थरथरला. ज्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, सहीने ती बिलं पास झाली होती, त्यांनीच माझ्या आईला शेवटचं प्रभुभोजन दिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या बिलांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्यानंतर दोन-तीन मंडळ्यांतल्या (मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सदस्य) लोकांनी मला हाच प्रश्न विचारला: शंका आहे, पण सुरुवात कुठून करायची? त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय. यातला कायदा प्रामुख्याने महाराष्ट्राचा आहे. वाचायची पद्धत कुठेही चालेल. माझा आग्रह एकच, आणि तो शेवटपर्यंत धरून ठेवा: पाळक माणूस म्हणून चांगले की वाईट हे ठरवायला बसू नका. एक व्यवहार घ्या आणि पैसा कुठून निघाला, कुठे पोचला, हे कागदावर दाखवता येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका.

आधी शंका कागदावर उतरवा

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: काय झालं, कधी, किती रक्कम, आणि हे मी पाहिलं की ऐकलं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. निम्म्या गोष्टी 'ऐकलं' मध्ये जातात, हा माझा अनुभव आहे. 'साहेबांनी नवी गाडी घेतली' ही शंका नव्हे. त्यांची पत्नी शाळेत नोकरीला असेल, मुलगा परदेशातून पैसे पाठवत असेल. 'इमारत निधीसाठी गेल्या ईस्टरला जमा झालेली रक्कम वर्षाच्या जमाखर्चात दिसत नाही' ही शंका आहे, कारण ती तपासता येते.

याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारा. गेल्या कमिटीच्या निवडणुकीत मी हरलो होतो का? मुलीच्या लग्नाच्या तारखेवरून साहेबांशी वाजलं होतं का? तसं असेल तरी तुमची शंका खोटी ठरत नाही, पण पुढे बोलणारा माणूस तुम्ही नसावा. कागद तुम्ही जमवा, उभं दुसऱ्याला राहू द्या. वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नकोस, असं बायबलमधल्या पत्रात पौल तीमथ्याला सांगतो (१ तीमथ्य ५:१९). पुष्कळ पाळक हे वचन तोंड बंद करायला वापरतात. मला त्यात उलट सूचना दिसते: दोघं-तिघं जमवा, पुरावा जमवा, मग बोला.

पैसा नेमका कोणाच्या नावावर आहे

बहुतेक लोक इथेच चुकतात. 'चर्चचा पैसा' म्हणून काही नसतं. कायद्याच्या दृष्टीने तो कुठल्यातरी विश्वस्त संस्थेचा, सोसायटीचा किंवा कंपनीचा असतो. कोणाचा, हे समजल्याशिवाय कुठे विचारायचं तेच कळत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अशा जुन्या संप्रदायांत स्थानिक मंडळीचा रोजचा जमाखर्च पॅस्टोरेट कमिटीकडे (मंडळीच्या कारभारी समितीकडे) असतो, पण जमीन आणि इमारत बहुधा वेगळ्याच मालमत्ता-ट्रस्टच्या किंवा जुन्या मिशनच्या नावावर असते. त्यामुळे कंपाउंडमधला बंगला विकला गेला तर मंडळीला ठराव करायचीही संधी मिळालेली नसते, आणि 'तुमचा काय संबंध' असं उत्तर येतं. वसईसारख्या ठिकाणच्या कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या समूहात) चित्र निराळं. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी (कलम ५३७), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना द्यायचा असतो (कलम १२८७). धर्मगुरूंना ही दोन कलमं नम्रपणे दाखवणं हा बंडखोरपणा नव्हे. गोव्यात महाराष्ट्राचा विश्वस्त कायदा लागू नाही. तिथे चर्चच्या फाब्रिकेपासून, म्हणजे चर्चची मालमत्ता आणि जमाखर्च सांभाळणाऱ्या समितीपासून, सुरुवात करा.

सर्वांत जपून पाहायच्या त्या स्वतंत्र मंडळ्या. भाड्याचा हॉल, एक पाळक, त्यांची पत्नी, मेहुणा आणि एखादा जवळचा सदस्य असे विश्वस्त. अशा ठिकाणी एक साधी तपासणी करा. दानपेटीशेजारी लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा, एक रुपया अर्पण पाठवा, आणि पडद्यावर कोणाचं नाव येतं ते बघा. ट्रस्टचं नाव आलं तर ठीक. पाळकांचं किंवा त्यांच्या मुलाचं वैयक्तिक नाव आलं, तर तुमचा पहिला लेखी प्रश्न तयार झाला.

कागद कुठे मिळतात

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक ट्रस्टची फाइल धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात असते. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक पावतीपुस्तकावर किंवा लेटरहेडवर छापलेला असतो. तो नसेल तर धर्मादाय संघटनेच्या संकेतस्थळावर नावाने शोधा. कार्यालयात अर्ज करून फाइल पाहता येते, शुल्क भरून प्रमाणित नकला मिळतात. मी गेलो तेव्हा दोन खेपा माराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी फाइल समोर आली. धीर धरा, आणि टेबलामागच्या माणसाशी नीट बोला. तो रोज शंभर लोकांचे टोमणे ऐकत असतो.

फाइलमध्ये पाहायचं ते असं. परिशिष्ट एक, म्हणजे ट्रस्टच्या मालमत्तेची आणि विश्वस्तांची नोंद. बदल अर्ज: विश्वस्त बदलले किंवा मालमत्ता वाढली-घटली तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत कळवावं लागतं. दहा वर्षांपूर्वी वारलेले गृहस्थ अजून विश्वस्त म्हणून नोंदलेले असतील, तर आज सह्या करणाऱ्यांचा अधिकार काय, हा सरळ प्रश्न आहे. आणि दरसालचा लेखापरीक्षण अहवाल. हिशोब ३१ मार्चला बंद व्हायचा आणि सहा महिन्यांत तपासून व्हायचा. सलग तीन-चार वर्षांचे अहवाल फाइलीत नसतील, तर तेवढंसुद्धा लेखी तक्रारीला पुरेसं आहे.

जमिनीची शंका असेल तर महसूल खात्याकडे वळा. गावात सातबारा आणि फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक. विक्री किंवा दीर्घ भाडेपट्टा नोंदवला असेल तर नोंदणी विभागाकडे सूची क्रमांक दोन मिळते. त्यात विकणारा, घेणारा, रक्कम, तारीख सगळं असतं. मग त्याच विश्वस्त अधिनियमाचं कलम ३६ लक्षात ठेवा: ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, बदलायला, बक्षीस द्यायला, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा इतर जमीन-इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. चर्चच्या दर्शनी भागातले गाळे अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे असतील, तर भाडं किती आणि ते कुठे जमा होतं हे विचारा. जुन्या मिशन कंपाउंडांच्या बाबतीत सर्वांत मोठ्या रकमा इथेच असतात. रविवारच्या दानाच्या थाळीवर पाच वर्षं जे जमतं, त्याच्या कितीतरी पट पैसा एका कोपऱ्यातल्या प्लॉटमध्ये असतो. म्हणून तुमच्याकडे वेळ कमी असेल तर आधी जमीन पाहा, मग थाळी.

परदेशातून मदत येत असेल तर आणखी एक धागा मिळतो. परकीय अंशदानाचा परवाना असलेल्या संस्थेला ते पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात, ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, आणि दरवर्षी गृह मंत्रालयाकडे विवरण भरावं लागतं. पाहुणे मिशनरी हातात रोख देऊन गेले, हे ऐकायला प्रेमळ वाटतं. कायद्याने ते चालत नाही.

हिशोबपत्रक कसं वाचायचं

ताळेबंद बघून घाबरू नका. आधी एक साधं गणित करा. दानार्पण मोजणाऱ्यांकडून कोणत्याही चार रविवारांचे आकडे घ्या, सणाचे रविवार सोडून. समजा सरासरी १८,००० आली. वर्षाला ५२ रविवार, म्हणजे ९,३६,०००. वार्षिक हिशोबात दानार्पणाखाली ६,१०,००० असतील, तर ३,२६,००० चा फरक पडतो. याचा अर्थ चोरी झाली असा नाही. पावसाळ्यात उपस्थिती घटते. काही रक्कम दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून दिलेलं दान) म्हणून वेगळ्या शीर्षाखाली गेली असेल. पण आता तुमच्या हातात एक आकडा आहे, आणि आकड्याला 'विश्वास ठेवा, भाऊ' हे उत्तर होत नाही.

कापणीच्या सणाचं वेगळं बघा. त्या दिवशी लिलाव होतो. भोपळा, कोंबडी, केळीचा घड यांना लोक आनंदाने दहापट बोली लावतात. बोली पुकारली जाते, पण पैसे पुढच्या दोन-तीन रविवारांत येतात. कोणी किती बोलला याची वही, पावत्या आणि बँकेतला भरणा या तिन्हींचा मेळ घाला. आमच्याकडे सर्वांत जास्त गळती इथे निघाली, आणि ती कोणी खाल्ल्यामुळे नव्हे. वहीच हरवली होती.

मग लेखापरीक्षकाचा अहवाल. आकडे सोडून प्रश्नावली वाचा. ट्रस्टच्या लेखापरीक्षकाला नियमाने काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशोबाशी जुळली का, जंगम मालमत्तेची यादी ठेवली आहे का, पाच हजारांवरच्या दुरुस्तीला किंवा बांधकामाला निविदा मागवल्या का, एक वर्षाहून जास्त काळ येणी थकली आहेत का, सभा नियमित होतात का, इतिवृत्त आहे का, कोणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. पुष्कळदा ही उत्तरं 'होय', 'नाही', 'लागू नाही' अशी एका ओळीत उरकलेली असतात. एखाद्या वर्षी 'नाही' आणि पुढच्या वर्षी 'लागू नाही' असेल, तर मध्ये काय घडलं ते विचारा.

ताळेबंदात मी बोट ठेवतो ते तीन जागांवर. 'अनामत व उचल' नावाची ओळ दरवर्षी फुगत चालली आहे का. इमारत निधी, वैद्यकीय निधी असे ठरावीक कामासाठी घेतलेले पैसे बँकेत खरंच शिल्लक आहेत का, की फक्त कागदावर आहेत. निधी ११ लाखांचा आणि बँकेत सगळे मिळून २ लाख, हे मी स्वतः पाहिलंय. आणि बँकेच्या उताऱ्यावर 'सेल्फ' चेकने काढलेली रोख. कामगारांची मजुरी रोखीने द्यावी लागते, मान्य. मग मजुरीचा हजेरीपट कुठे आहे?

व्हाउचर बघताना माझी एक सवय आहे: ती तारखेप्रमाणे नव्हे, बिल देणाऱ्याच्या नावाप्रमाणे लावतो. तारखेप्रमाणे लावली की सगळं सरळ दिसतं. एकाच दुकानाची, एकाच टॅक्सीवाल्याची, एकाच 'छपाई'ची बिलं शेजारी-शेजारी ठेवली, की ४१, ४२, ४३ डोळ्यांत भरतं.

सिंगापुरात काय घडलं

पैसा थेट खिशात गेला नाही तरी गुन्हा होतो, हे समजायला सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचं प्रकरण डोळ्यांखालून घालावं. १९८९ मध्ये काँग ही यांनी सुरू केलेली ही मंडळी हजारोंच्या संख्येत वाढली. २००२ पासून पाळकांच्या पत्नी सन हो यांच्या पॉप संगीताच्या कारकिर्दीतून सुवार्ता पसरवायची, असा प्रकल्प चालू झाला. २००३ मध्ये एका सदस्याने उघडपणे म्हटलं की या गाण्यांसाठी चर्चचा पैसा वापरला जातोय. त्याला वर्तमानपत्रांत जाहीर माफी मागावी लागली.

पुढे इमारत निधीतून दोन कंपन्यांचे कर्जरोखे घेतले गेले. कागदावर ती गुंतवणूक होती. एक कंपनी पाळकपत्नींच्या संगीताचं काम पाहणारी, दुसरी एका सदस्याची इंडोनेशियातली काचकंपनी. तिथून पैसा संगीतावर खर्च झाला. लेखापरीक्षक प्रश्न विचारू लागले, तेव्हा आणखी पैसा गोल फिरवून रोखे फिटल्याचं दाखवलं गेलं. मे २०१० मध्ये तिथल्या धर्मादाय आयुक्तांनी आणि पोलिसांनी चौकशी सुरू केली. २१ ऑक्टोबर २०१५ ला सहाही जण दोषी ठरले: २ कोटी ४० लाख सिंगापूर डॉलर खोट्या रोख्यांत, आणि ते झाकायला आणखी २ कोटी ६६ लाख. काँग ही यांना आठ वर्षांची शिक्षा झाली, ती २०१७ च्या अपिलात साडेतीन वर्षांवर आली. त्यांनी वैयक्तिक फायदा घेतला नव्हता आणि आपण चर्चचंच काम करतोय असं त्यांना वाटत होतं, हे अपिलाच्या न्यायालयाने विचारात घेतलं. तरी दोष कायम राहिला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. 'साहेबांनी स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही' हे खरं असूनही चौकशी योग्य असू शकते. ज्या कामासाठी लोकांनी दिला त्या कामाला पैसा लागला का, एवढंच विचारायचं. दुसरी गोष्ट त्या २००३ च्या सदस्याची. त्याने योग्य ठिकाणी बोट ठेवलं होतं, आणि सात वर्षं तो खोटा ठरून राहिला. उघड बोलण्याआधी हातात कागद हवा आणि शेजारी दोन माणसं हवीत, हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो ते यावरून कळेल.

प्रश्न कसा विचारायचा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्रम मला अजूनही उत्तम वाटतो: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांसह, मग मंडळीसमोर. पहिली भेट पाळकांच्या घरी, चहा घेऊन, एका व्यवहाराबद्दल. 'साहेब, या तीन बिलांचे नंबर लागोपाठ आहेत, मला समजावून सांगाल का?' एवढंच. आरोप नको, वचनं नकोत. उत्तर लगेच लिहून ठेवा, घरी आल्यावर, तारीख घालून.

मात्र जिथे कागद नष्ट होण्याची भीती आहे, किंवा शाळेचा, वसतिगृहाचा, परदेशी निधीचा मोठा पैसा आहे, तिथे ही पहिली पायरी गाळा. आधी प्रमाणित नकला हातात घ्या.

समाधान झालं नाही तर कमिटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. तीन सदस्यांच्या सह्या, पाच-सहापेक्षा जास्त प्रश्न नाहीत, प्रत्येकात तारीख आणि रक्कम. पंधरा दिवसांची मुदत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. भाषेला फार जपा. 'पाळकांनी अपहार केला' असं लिहू नका. 'या रकमेचा खर्च हिशोबात आढळत नाही, कृपया खुलासा व्हावा' असं लिहा. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कायद्यात संरक्षण आहे, व्हॉट्सअॅप गटावर टाकलेल्या वाक्याला ते सहसा मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला उभा राहिला की मूळ हिशोब बाजूला पडतो, आणि तुम्ही कोर्टाच्या तारखा मोजत बसता. गटावर काही टाकू नका. ओळखीच्या पत्रकारालाही आत्ता नको.

मूळ व्हाउचर घरी आणू नका, कोणाचा ईमेल उघडू नका, ऑफिसच्या कपाटाची किल्ली 'मिळवू' नका. तुमच्या हातून एक कागद हरवला तर सगळा दोष तुमच्यावर येईल. पाहायला दिलं तर तिथेच बसून टिपणं काढा, परवानगी घेऊन फोटो काढा.

दबाव येतो, तो कसा येतो

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या मंडळीत माणसाचा जन्म, लग्न आणि मरण तिन्ही त्या एका सहीतून जातात. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाआधी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या सूचना, मिशन शाळेतला प्रवेश, आणि दफनभूमीतली जागा. हिशोब मागणाऱ्या एका बाईंच्या सासऱ्यांच्या दफनाला दुपारपर्यंत परवानगी मिळाली नव्हती. कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. किल्ली कुणाकडे आहे तेवढं सापडत नव्हतं. त्या बाईंनी पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

म्हणून सह्या करणारे तिघं निवडताना हे बघा. ज्यांची नोकरी मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात आहे, जे कंपाउंडमधल्या क्वार्टरमध्ये राहतात, ज्यांच्या घरी पुढच्या सहा महिन्यांत लग्न आहे, त्यांना पुढे करू नका. माहिती देणाऱ्या क्लार्कचं नाव पत्रात कुठेही येऊ देऊ नका. तीच माहिती धर्मादाय कार्यालयाच्या नकलेतून मिळवा आणि नकलेचा हवाला द्या. आपसांत आठवड्याला एकदा भेटा आणि प्रार्थना करा. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. राग साचला की माणूस आकडे चुकीचे वाचतो.

बाहेर जायची वेळ

कमिटी गप्प बसली, तर आधी संप्रदायाच्या वरच्या पायरीला लिहा: डायोसिस (बिशपांच्या अखत्यारीतला चर्चचा विभाग), बिशप, प्रांतिक मंडळ, जे असेल ते. एक महिना थांबा. बिशपांवरच शंका असेल तर ही पायरी नावापुरती राहते, आणि तसं घडतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे अन्वेषण विभागाने जबलपूरच्या बिशपांच्या घरावर छापा टाकला तेव्हा १ कोटी ६५ लाखांची रोकड मिळाल्याचं जाहीर झालं. शाळांच्या फीचा पैसा वळवल्याचा आरोप होता. काही दिवसांनी परदेशातून परतताना बिशपांना नागपूर विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं. मुळाशी होती एक लेखी तक्रार.

महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते, आणि मंडळीचा सदस्य तसा असतो. हिशोबाच्या तपासणीसाठी विश्वस्त अधिनियमाचं कलम ३७. मालमत्ता विकली किंवा उधळली जाण्याचा धोका तातडीचा असेल तर मनाई आदेशासाठी ४१-ई. विश्वस्ताचं निलंबन किंवा बडतर्फी मागायची तर ४१-डी. दिवाणी दावा लावायचा तर कलम ५०-५१ प्रमाणे दोन किंवा अधिक हितसंबंधितांनी आयुक्तांची संमती घ्यावी लागते. या टप्प्यावर वकील हवाच, आणि तो धर्मादाय कार्यालयात रोज उभा राहणारा हवा.

पोलिसांकडे जायचं ते खोटी सही, बनावट बिल किंवा ठरावीक कामाचा पैसा लाटल्याचा कागदी पुरावा असेल तेव्हा. फौजदारी विश्वासघाताला न्याय संहितेचं कलम ३१६, खोटा हिशोब लिहिण्याला ३४४. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुनं दंडविधान लागू होतं, म्हणून तक्रारीत प्रत्येक व्यवहाराची तारीख हवी. सोबत एक पानी घटनाक्रम जोडा. ठाणे अंमलदाराला पाचशे पानं वाचायला वेळ नसतो. एक पान तो वाचतो.

आमच्या तीन बिलांचं काय झालं

पाळकसाहेबांनी पहिल्या भेटीत नीट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या भेटीत आम्ही तिघं गेलो. तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की छपराचं काम गावातल्या गवंड्याने केलं, तो बिल देत नाही, म्हणून हिशोबासाठी दुकानातून कोरी बिलं आणून भरली. आम्ही गवंड्याकडे गेलो. म्हाताऱ्याने कोनाड्यातून छोटी डायरी काढली. रोजची मजुरी, पत्र्याचे नग, वाळूच्या ब्रास, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. पत्र्याच्या व्यापाऱ्याची पावती धरून बेरीज १,३१,००० झाली. बिलं होती १,८६,००० ची.

म्हणजे छप्पर खरं होतं, बिलं खोटी होती, आणि ५५,००० चा हिशोब नव्हता. तिन्ही गोष्टी आम्ही कमिटीच्या इतिवृत्तात जशाच्या तशा लिहिल्या, लेखापरीक्षकांना लेखी कळवल्या आणि डायोसिसला प्रत पाठवली. पैसे परत केले म्हणून कायद्यातला दोष पुसला जात नाही, हेही त्याच पानावर नमूद केलं. पुढची कारवाई वरच्यांच्या हातात होती. त्यांनी बदली केली. मला ती अपुरी वाटली, तसं मी लिहून दिलं.

साहेबांनी महिन्याला ५,००० प्रमाणे अकरा महिने पैसे भरले. त्याच वर्षापासून थाळी तिघं मोजतात, आळीपाळीने. आकडा शाईने लिहितात, तिघंही सही करतात, आणि सोमवारी बँकेच्या स्लिपसह तो कागद दाराशेजारच्या फळ्यावर लागतो. अकराव्या हप्त्याची पावती खजिनदारांनी मला दाखवली. मी सवयीने आधी तिचा नंबर पाहिला, मग पावतीपुस्तकातली आधीची पावती.